शिळेपासून पत्र्यापर्यंत : पुण्याच्या भिंतीवरील छापील चित्राची कथा

१/
पुण्यातील एखाद्या नव्या सदनिकेत डोकावा. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा टांगलेला असतो आणि त्यावर रंगांचे ओघळ, फराटे, डाग छापलेले असतात. न्यूयॉर्कच्या अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्राची ती धातूवरील प्रतिकृती. ही हौस आजची वाटते. परंतु छापील चित्राने घर सजवण्याची या शहराची परंपरा जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. तिचाच हा धागा.

२/
पेशवाईत भिंतीवरचे चित्र हे वाड्यांचे वैभव होते. चितारी भिंतीवरच रंगवीत. त्यामुळे चित्राचे आयुष्य भिंतीइतकेच. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचा अंतर्भाग जळाला, तेव्हा त्यातील रंगकामही गेले. सामान्य माणसाच्या घरी मात्र देव्हाऱ्यातील टाकांपलीकडे रंगीत प्रतिमा क्वचितच असे.

३/
१८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात ‘चित्रशाळा’ काढली. ‘निबंधमाला’कारांची स्वत्वाची तळमळ येथे रंगांत उतरली. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी चित्रे छापून निघाली आणि घरोघरी पोहोचली. चित्र प्रथमच वाड्याच्या भिंतीवरून सुटून सामान्याच्या खोलीत आले.

४/
हे साधले शिळाछापामुळे. जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. गुळगुळीत चुनखडकावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने भिजवायचा. तेलकट शाई रेषेला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे आणि एकाच कागदावर त्या क्रमाने दाबल्या जात. पुढे या जड शिळांची जागा जस्ताच्या व ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी घेतली. म्हणजे धातू चित्रकलेच्या या वाटेवर तेव्हाच आला. फक्त तो छापखान्यात राहिला.

५/
१८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत आपला छापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील छापांवर रोगण चढवीत, जेणेकरून कागद तैलचित्रासारखा भासावा. प्रतिकृतीने मूळ चित्राचा वेष घेण्याची ही हौसही जुनीच!

६/
या प्रतिकृती टिकल्या त्या कशाच्या बळावर? कथेच्या. रामपंचायतनाचे रंग उडाले, कागद पिवळा पडला, तरी पाहणाऱ्याला राम दिसतच असे. लोक त्या छापालाच हार घालीत. चित्राचा अर्थ रंगाच्या थरात नव्हता, तो पाहणाऱ्याच्या मनात आधीच वसलेला होता. म्हणून नक्कल कुठेही उणी पडली नाही.

७/
आता १९४७ चे न्यूयॉर्क. जॅक्सन पोलॉक कापड जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओघळवू लागला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील त्याचे १९५० चे एक चित्र सुमारे २.७ मीटर उंच आणि ५.३ मीटर रुंद आहे. त्यात देव नाही, राजा नाही, कथा नाही. रंग कसा पडला, कुठे साचला, हाच विषय.

८/
आपल्याकडे या वाटेजवळचे मोठे नाव वासुदेव गायतोंडे. १९२४ मध्ये नागपूरला जन्म, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलची पदविका, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. आपल्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणवून घेत नसत, ‘निर्वस्तू’ हा अर्थ त्यांना अधिक जवळचा होता. रूळ आणि सुरी यांनी ते रंगांचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. खालचा थर वरच्यातून झिरपतो तेव्हा तो प्रकाश जन्मतो.

९/
आणि धातूची प्रतिकृती? चित्र आधी कागदावर उलटे छापतात. मग तो कागद लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत दाबतात. कापूर जसा न वितळता हवेत विरतो, तशी शाई वायुरूप होऊन लेपात शिरते. रंग तेजस्वी येतात, पाणी लागले तरी पुसले जात नाहीत. पण सगळे थर एकाच गुळगुळीत पातळीवर येतात. पाच मीटरांचे चित्र दोन हातांत मावते. रामाचा छाप फिकटला तरी राम उरत होता. येथे पोत आणि आकार गेले की चित्राचा विषयच गेला.

१०/
मग ही प्रतिकृती टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. गायतोंड्यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात सुमारे २३.७ कोटी रुपयांना गेले. अशा काळात सामान्य घराला या कलेची पहिली ओळख पत्र्यावरच होणार. चित्रशाळेने हेच तर केले होते.

११/
फरक एवढाच, की त्या छापांवर चित्राचे नाव आणि छापखान्याचा ठसा असे. आजच्या पुष्कळशा पत्र्यांवर चित्रकाराचे नावही नसते. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या चित्रांचे हक्क २०६१ अखेरपर्यंत. विनापरवाना छाप हा केवळ रुचीचा प्रश्न उरत नाही.

१२/
म्हणून एक विनंती. घरी असा पत्रा असेल तर त्यामागे चित्रकाराचे नाव, वर्ष, मूळ चित्राचे माप आणि ते कुठे आहे हे लिहून ठेवा. मग एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तेथील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. ते मांडलेले असतील, तर मूळ कापडापुढे दहा मिनिटे उभे राहा. घरी परतल्यावर तोच पत्रा तुम्हांला वेगळा दिसेल.