पाऱ्यावरचा उतारा : सेलेनियमची कथा

१/ संकेतस्थळावरची कळ दाबली असता अपेक्षित तेच घडते का, हे एके काळी माणसेच पाहत. आज्ञावलीत एक ओळ बदलली, की तेच रकाने आणि त्याच कळा पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागत. हे काम यंत्राकडे सोपवणारी साधने होती; परंतु ती विकत घ्यावी लागत, आणि त्यांची अंतर्रचना ग्राहकाला पाहता येत नसे. या बाजारातील एक बलाढ्य नाव होते मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह.

२/ २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीतील जेसन हगिन्स हे वेळ व खर्चाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अंतर्गत प्रणालीवर काम करीत होते. तीच ती तपासणी टाळण्यासाठी त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक साधन लिहिले. ते ब्राउझरच्या आतच चाले आणि वापरकर्त्याच्या वतीने कळा दाबी.

३/ नावामागे थट्टा होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियमचा! हे साधन लवकरच मुक्तस्रोत म्हणून सर्वांना खुले झाले.

४/ अडचण मात्र मूलभूत होती. एका संकेतस्थळावरील जावास्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानाला हात लावता येत नाही. हा नियम वापरकर्त्याच्या रक्षणासाठी आहे. पण त्यामुळे परीक्षकही चोरासारखाच दाराबाहेर अडे. म्हणून ‘सेलेनियम आरसी’ने मध्ये एक सर्व्हर बसवला. सारे काही एकाच ठिकाणाहून येत आहे, असे तो ब्राउझरला भासवी.

५/ सायमन स्ट्युअर्ट यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचे वेबड्रायव्हर ब्राउझरला बाहेरून, प्रत्येक ब्राउझरसाठी स्वतंत्र चालकाद्वारे हाकी. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्पांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि २०११ मध्ये सेलेनियम २ आले. तत्पूर्वी, २००६ मध्येच, एचपीने मर्क्युरी सुमारे ४५० कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला होता.

६/ खरा निर्णायक टप्पा जून २०१८ चा. त्या महिन्यात वेबड्रायव्हर ही डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. ब्राउझर बदलला की त्याच्यामागे धावण्याचा भार सुरुवातीला प्रामुख्याने प्रकल्पातील मंडळींवर होता. शिफारस होण्याआधीच क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांचे चालक त्यांचे निर्मातेच सांभाळू लागले होते.

७/ पपेटियर (२०१७) आणि प्लेराइट (२०२०) ही नवी मुक्तस्रोत साधने आली. स्पर्धा आजही आहे. पण ती आता खुल्या साधनांमध्येही आहे. एक छोटा चमूदेखील परवाना विकत न घेता आपले पान तपासू शकतो, हे त्या थट्टेचे फलित.