थ्राइस मार्क्ड फॉर डेथ

‘कॉनन द बार्बेरियन’ या इंग्रजी कॉमिक मालिकेच्या ५ ते ८ या अंकांत आलेली चित्रकथा. लेखक जिम झब, चित्रकार डग ब्रेथवेट, अक्षरलेखन रिचर्ड स्टार्किंग्ज. टायटन कॉमिक्सने ती २०२३-२४ मध्ये प्रकाशित केली. नावाचा अर्थ ‘मरणाचा शिक्का तीनदा बसलेला’ असा होतो. प्रेयसी गेल्यावर खचलेला कॉनन दारूत दुःख बुडवू पाहतो आणि चोरांच्या टोळीला जाऊन मिळतो, इथून कथा सुरू होते.

कथेतल्या दुःखाचे मूळ नव्वद वर्षे जुने आहे. कॉननचा निर्माता, टेक्ससचा रॉबर्ट ई. हॉवर्ड (१९०६–१९३६), याची ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ ही कथा ‘विअर्ड टेल्स’ मासिकाच्या मे १९३४च्या अंकात आली. तिची नायिका बेलिट हीच कॉननची गेलेली प्रेयसी: ‘टायग्रेस’ जहाजाची मालकीण आणि समुद्री लुटारूंची राणी. झारखेबा नदीकाठच्या एका उद्ध्वस्त नगरीत तिला रत्नांचा साठा सापडतो, आणि त्याच लाल रत्नांच्या हाराने गळफास लावलेला तिचा देह कॉननला जहाजाच्या आडव्या डोलकाठीला लटकलेला दिसतो. मेल्यावरही तुझ्या मदतीला येईन, असे तिने त्याला सांगितलेले असते. त्या नगरीतला पंखधारी राक्षसी प्राणी कोसळलेल्या खांबाखाली अडकलेल्या कॉननवर झेपावतो, तेव्हा ती क्षणभर मध्ये उभी राहते आणि शब्द पाळते.

नंतर कॉनन जहाजावरच तिची चिता रचतो. आपला लाल झगा तिच्यावर पांघरतो, तिने आयुष्यभर मिळवलेली लूट भोवती मांडतो आणि पेटलेले जहाज समुद्रात सोडून देतो. त्या शापित नगरीतली रत्ने मात्र चितेवर ठेवत नाही. शिव्याशाप देत ती नदीत फेकतो. ही बारीकशी नोंद हॉवर्डने ओझरती केली आहे, पण झबच्या कथेची खरी किल्ली तिच्यातच आहे. ज्याने हातची रत्ने पाण्यात टाकली, तो पुढे चोरी करतो ती धनासाठी नव्हे. किनाऱ्यावर तलवारीला टेकून उभ्या राहिलेल्या या माणसाचे पुढचे दिवस कसे गेले, त्यावर हॉवर्डने वेगळी कथा लिहिली नाही. झब नेमका त्या मोकळ्या जागेत शिरतो.

चोरांची सोबत कॉननला नवी नाही. ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ (१९३३) या कथेत तो झामोरा देशात चोऱ्या करणारा तरुण आहे. एक प्रसिद्ध रत्न चोरायला तो मनोऱ्यात शिरतो; आत त्याला आंधळा केलेला, छळलेला परग्रहावरचा जीव भेटतो, आणि त्याच्यावर दया करून कॉनन रिकाम्या हाताने बाहेर पडतो. तेव्हा चोरी हे त्याचे पोट भरण्याचे साधन होते. बेलिटनंतर मात्र ते घरी परतता न येणाऱ्या माणसाचे जगणे होऊन बसते, आणि म्हणून हे कथानक मला त्या जुन्या चोरीपेक्षा अधिक करुण वाटते.

कॉमिकमध्ये बेलिटला मोठी जागा दिली ती मार्व्हल कॉमिक्सचा लेखक रॉय थॉमस याने. हॉवर्डने एका कथेत आटोपलेले तिचे व कॉननचे सहजीवन त्याने मार्व्हलच्या कॉनन मालिकेत ५८व्या अंकापासून (१९७६) १००व्या अंकापर्यंत (१९७९) फुलवले. वाचकाने इतकी वर्षे तिच्यासोबत काढल्यावर शंभराव्या अंकातला तिचा मृत्यू घरातले माणूस गेल्यासारखा लागतो. झबला चारच अंक मिळाले आहेत. त्याचा वाचक तो शोक बहुधा सोबत घेऊनच येतो.

टायटन मालिकेचे पहिले चार अंक रॉब दे ला तोरे याने मार्व्हलच्या कॉननचा चित्रकार जॉन ब्युसेमा याच्या वळणाच्या जाड, काळ्या शाईत रंगवले होते. ब्रेथवेटची रेषा त्याहून बारीक आणि वास्तववादी आहे. थकलेल्या चेहऱ्यांना ती शोभते.

पुढच्या ‘द एज अनकॉंकर्ड’ (अंक ९ ते १२) या कथानकात कॉनन प्राचीन काळात जाऊन राजा कुलला भेटतो. कुल हा हॉवर्डचा आधीचा नायक. त्याच्यावरची न खपलेली एक कथा नव्याने लिहूनच हॉवर्डने १९३२ मध्ये कॉननची पहिली प्रकाशित कथा तयार केली होती.