तीन दिवस आणि साक्षीदार



मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला म्हटले की आपल्याला येशू ख्रिस्त आठवतो. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, त्यामुळे ही कथा आपल्या जिल्ह्याला परकी नाही. पण तीन दिवसांची एक कथा शिर्डीचीही आहे. दोन्हींकडे इतिहासाच्या मास्तराने कसे पाहावे, एवढेच आज लिहितो.

शिर्डीची कथा १८८६ सालची. साईबाबांनी म्हाळसापतींना सांगितले, तीन दिवस माझा देह सांभाळ, मी परतलो नाही तर पुरून टाक. श्वास थांबला. गावकरी जमले, पंचनामा झाला, दफनाची तयारी झाली. म्हाळसापती मात्र बाबांचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिले, कोणाला हात लावू देईनात. तीन दिवसांनी श्वास परत आला. पुढे बाबा ३२ वर्षे जगले.

आता आपला नेहमीचा प्रश्न : हे लिहिले कोणी आणि कधी? 'श्रीसाईसच्चरित' लिहिणारे दाभोलकर शिर्डीला प्रथम गेले १९१० साली. म्हाळसापती १९२२ साली वारले, दाभोलकर १९२९ साली, आणि त्यानंतर ग्रंथ छापून आला. म्हणजे घटना आणि छापील पान यांत चाळीसहून अधिक वर्षे.

गंमत म्हणजे येशूच्या बाबतीतही अंतर साधारण तेवढेच आहे. क्रूसावरचा मृत्यू इ.स. ३० च्या सुमारास, आणि सर्वांत जुने मानले जाणारे मार्काचे शुभवर्तमान ७० च्या आसपास. त्याच्या अगोदरचा, साधारण ५५ चा, पुरावा म्हणजे पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. येशू कोणाकोणाला दिसला याची त्यात यादीच आहे : केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी स्वतः पौल. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो लिहितो. पण त्या पाचशेंचा स्वतःचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. 'मला दिसला' असे स्वतःच्या लेखणीने सांगणारा त्या यादीत एकटा पौल.

मग सगळे रचलेले म्हणायचे का? तसेही नाही. रचणारा माणूस सोयीचे साक्षीदार घेतो. शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम पाहतात त्या बायका, आणि त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींत तर त्या घाबरून कोणाला काही सांगत नाहीत आणि लिखाण तिथेच संपते. शिर्डीच्या कथेतही, बहुतेक गावाने बाबा गेले असेच धरले होते, ही अडचणीची गोष्ट लपवलेली नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. म्हाळसापतींचा विश्वास आधीचा. त्यांनी दफन होऊच दिले नाही. येशूचे शिष्य अटकेच्या रात्री पळून गेले होते, त्यांचा विश्वास नंतरचा.

साक्षीवरून इतिहासाला एवढे सांगता येते की या माणसांनी मनापासून मानले आणि त्याप्रमाणे वागली. पळालेले शिष्य पुन्हा उभे राहिले, एक सोनार साऱ्या गावापुढे बसून राहिला. प्रत्यक्ष काय घडले, याचा निकाल त्या साक्षीवर लागत नाही. तिथून पुढे ज्याची त्याची श्रद्धा, आणि तिची थट्टा करायचे मला कारण दिसत नाही.

आपल्या घराघरांतही आजोबा-पणजोबांच्या अशा हकिकती आहेत. नातवंडांनो, त्या लिहून ठेवा. मात्र कोणी सांगितली, त्याने स्वतः पाहिली की ऐकली, आणि कोणत्या साली, हे शेजारी जरूर लिहा.