यंत्र जागें होतांना

सुटे भाग आणून घरीं जोडलेला संगणक बटण दाबतांच क्षणभर पंखा फिरवितो आणि पुन्हां निपचित पडतो, ही तक्रार आमच्या चिखली-खामगांवकडेही आतां नवी राहिलेली नाहीं. हें दुखणें मात्र संगणकाइतकेंच जुनें आहे. त्याचाच थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९४६ सालीं अमेरिकेंत 'एनिअ‍ॅक' हें यंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. नळी बिघडे ती बहुधा यंत्र चालू वा बंद करितांना; थंड तार एकाएकीं तापली कीं तिच्यावर ताण पडे. तेव्हां यंत्र शक्य तों बंदच करावयाचें नाहीं, असा उपाय निघाला. विजेची उधळपट्टी झाली खरी, पण नळ्या वांचल्या.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. वीज मिळाली तरी पहिलें काम कोणतें, हें यंत्रास सांगावें कोणीं? १९४९ मध्यें केंब्रिजच्या 'एड्सॅक'साठीं डेव्हिड व्हीलर यांनीं ३१ सूचनांची मालिका कायमची बसवून ठेविली. पुढील कार्यक्रम कागदी फितीवरून वाचून घेण्याचें काम तिच्याकडे असे. आजच्या मदरबोर्डांतील 'बायोस' हा याच कल्पनेचा वंशज म्हणतां येईल.

आपल्या मुंबईची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं संगणक बांधावयास घेतला. त्यांनीं एकदम मोठें यंत्र उभें केलें नाहीं. आधीं एक लहान नमुना रचला, मंडलें त्यावर पारखलीं, आणि १९५६ मध्यें तो चालल्यावरच पूर्ण यंत्रास हात घातला. सुमारें २,७०० नळ्या आणि ४० अंकी २,०४८ शब्दांची चुंबकी स्मृति असलेलें हें यंत्र १९६० च्या फेब्रुवारींत रीतसर कामास लागलें. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्यास 'टिफ्रॅक' नांव दिलें. तोंवर परदेशांत ट्रान्झिस्टरचीं यंत्रें आलीं होतीं, म्हणून कोणी त्यास शिळें म्हणतील. मला तें म्हणणें पटत नाहीं. थोडें जोडावें, तें चालवून पाहावें, मग पुढचें जोडावें, ही शिस्त कांहीं शिळी झालेली नाहीं.

१९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.पासून यंत्र उठतांच स्वतःची तपासणी करूं लागलें. सर्व ठीक असल्यास एक आंखूड शिटी, एरव्हीं निराळ्या खुणा. अलीकडे पुष्कळ मदरबोर्डांवर ती लहानशी शिटी मुळीं जोडलेलीच नसते. काटकसर करावी, पण ती रोग्याच्या जिभेवर नव्हे!

माझ्या नातवाचा संगणक असाच अडला, तेव्हां दुकानदारानें नवा मदरबोर्ड घेण्यास सांगितलें. कापसाचे पैसे हातीं यावयाचे होते. तो खर्च झेपणारा नव्हता. मग आम्हीं टिफ्रॅकचाच मार्ग धरिला. वीज तोडून मदरबोर्ड पेटीबाहेर पुठ्ठ्यावर ठेविला, म्हणजे पत्र्याचा स्पर्श होऊन वीज भलतीकडे जावयाची शंका मिटली. प्रोसेसरला वीज देणारी निराळी तार नीट बसली आहे कीं नाहीं हें पाहिलें. ही तार सुटी राहिली तर पंखा फिरतो, पण पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. बाजारांत ज्यास एसएमपीएस म्हणतात, ती पेटी आपले दाब स्थिर झाल्यावरच मदरबोर्डाला 'ठीक' असा इशारा देते; तो न मिळाल्यास यंत्र उठत नाहीं. म्हणून शेजाऱ्याची पेटी लावून पाहिली. फरक पडला नाहीं. शेवटीं दोन रॅमपट्ट्यांपैकीं एक काढली आणि यंत्र उठलें. काढलेल्या पट्टीचे सोनेरी दांत मळले होते. ते खोडरबरानें हलकेच पुसून पट्टी परत बसविली, तेव्हां दोन्ही पट्ट्यांसह यंत्र सुरू झालें. खर्च झाला तो एका खोडरबराचा.