निशाण आणि हजेरीपट

पलटणीचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. उभारणीचे वर्ष, बदलत गेलेले क्रमांक, लढायांची यादी, पदकांची यादी आणि या सगळ्यावरून फिरवलेला ‘अखंड परंपरा’ हा शब्द. या रीतीत पलटण एखाद्या घराण्यासारखी दिसते. माणसे येतात, जातात, मरतात. कूळ मात्र टिकते, आणि पूर्वजांनी मिळवलेला मान वंशजांच्या निशाणावर झळकत राहतो. मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या महार शिपायांची गोष्ट या साच्यात बसत नाही. इथे कूळ टिकले आणि ज्यांनी मान मिळवला त्यांचेच वारस उंबऱ्याबाहेर राहिले. म्हणून पलटणीचा वारसा निशाणापेक्षा हजेरीपटावर शोधावा असे मला वाटते. आणि ज्या वर्षी पटावर एकही नाव चढले नाही, ते वर्षही त्या इतिहासातच धरावे.

सुरुवात कोरेगावापासून करणे भाग आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली पेशव्यांच्या फौजेशी लढली ती मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण. सोबत पुण्याचे सहायक घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज होते. ८३४ जणांपैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पुढे उभारलेल्या स्तंभावर मृतांची ४९ नावे कोरली गेली. त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महारांची आहेत. बाकीची इतर समाजांची. दगडावर तरी सगळ्यांची जागा एकच. या कामगिरीबद्दल पलटणीला ‘ग्रेनेडियर’ हा किताब मिळाला. १९०३च्या फेररचनेत ती १०२ क्रमांकाची झाली आणि १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. क्रमांक बदलले, पण ‘कोरेगाव’ हा रणसन्मान तिच्यासोबत चालत राहिला. फक्त तोवर त्या पलटणीच्या पटावर नवे ‘नाक’ येणे बंद झाले होते. सन्मान आता उत्तरेकडच्या जाट आणि मुसलमान शिपायांकडे होता. त्यात त्यांचा दोष नाही. लष्करी वारशाचा हिशेबच तसा चालतो.

पट बंद झाला १८९२ मध्ये. त्या वर्षी महारांची भरती थांबवण्यात आली. यामागे शुद्ध लष्करी कारण होते, हा सर्वांत जुना आणि सर्वांत सभ्य वाटणारा युक्तिवाद आहे. रशियाची धास्ती होती, लढाई वायव्य सरहद्दीवर होणार होती, दक्षिणेकडच्या पलटणी दीर्घ शांततेत शिथिल झाल्या होत्या, आणि अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या १८८०च्या पराभवाने मुंबईच्या फौजेची अब्रू गेली होती. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या समजुतीला ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धान्ताचे रूप दिले. पण मैवंदलाच पाहा. तिथे मुंबईच्या पलटणींच्या बरोबरीने बर्कशायरची ६६वी गोरी पलटणही धुळीला मिळाली. त्यावरून बर्कशायरच्या लोकांच्या अंगी लढाऊपणा नाही, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. उलट त्या पलटणीच्या शेवटच्या झुंजीचे गोडवे गायले गेले. पराभव एकच, पण त्याचे दोन अर्थ लावले गेले. तेव्हा पुरावा लढाईतून सिद्धान्ताकडे गेला नाही, सिद्धान्तातून लढाईकडे आला.

खरे कारण मला रचनेत दिसते. बंगालच्या फौजेपेक्षा मुंबईची रीत वेगळी होती. इथे निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत आणि सुभेदाराचा हुकूम त्याची जात न पाहता पाळावा लागे. नव्या धोरणात जातवार कंपन्या आल्या. एकदा कंपनी जातीची झाली की तिला जातीचाच अंमलदार हवा, आणि ज्या जातीचा हुकूम इतरांना रुचत नाही ती जात अडचणीची ठरते. तीन इलाख्यांच्या फौजा १८९५ मध्ये एकत्र झाल्या तेव्हा मुंबईची ही रीत मोडीत निघालेली होती. महार शिपाई नालायक ठरला नव्हता. ज्या रचनेत तो सुभेदार होऊ शकत होता, ती रचनाच काढून घेतली गेली.

यानंतरची पंचवीस वर्षे पलटणीच्या बखरीत कोरी आहेत. मला तीच सर्वांत भरलेली वाटतात. गोपाळबाबा वलंगकर हे हवालदार होऊन निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. ही जुनी छावणी, कॅम्प दापोली. पेन्शनर शिपायांची वस्ती इथे दाट. १८९४ मध्ये त्यांनी सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला, त्यात भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली आणि फौजेबरोबर पोलीस व सरकारी नोकऱ्यांचाही दरवाजा ठोठावला. अर्ज लिहिणारे हे हात फौजेनेच तयार केले होते, हे विसरता येत नाही. छावणीतल्या शाळांनी शिपायांच्या घरांत अक्षर पोहोचवले, याची नोंद पुढे डॉ. आंबेडकरांनी आवर्जून केली. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी नॉर्मल स्कूलचे मुख्याध्यापक होते. बंदूक काढून घेतली तरी लेखणी काढून घेता आली नाही. शौर्याचा दाखला हाच नागरिकत्वाच्या हक्काचा दाखला करायचा, ही युक्ती या अर्जांतूनच रुळली.

भरती उघडली ती मात्र अर्जांमुळे नव्हे. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. गरज सरो नि वैद्य मरो! दुसऱ्या महायुद्धात तेच घडले असते. फरक पडला तो यामुळे की या वेळी मागणी करणारा माणूस आत बसलेला होता. जुलै १९४१ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. लष्करी वंशावळीच्या काटेकोर नियमाने त्या स्तंभावर हक्क ग्रेनेडियर्सचा, महार रेजिमेंटचा नाही. हजेरीपटाच्या नियमाने मात्र हक्काबद्दल शंकाच नको.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की कोरेगावची लढाई ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यविस्ताराची होती. स्तंभ इंग्रजांनी आपल्या गौरवासाठी उभारला. लढणारा शिपाई पगारासाठी लढत होता, जातीच्या मुक्तीसाठी नव्हे. हे बहुतांशी खरे आहे. १८१८ च्या शिपायाच्या मनात १९२७ चा विचार घालणे हा इतिहास नव्हे. पण १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, त्यात शिपायाच्या हेतूचा दावा मुख्य नव्हता. ज्यांना नालायक ठरवले त्यांचीच नावे सरकारने दगडावर कोरली होती, हा सरकारच्याच दप्तरातला पुरावा होता. स्तंभ कोणी का उभारला यापेक्षा तो पुरावा म्हणून कोणाच्या कामी आला, हे इथे महत्त्वाचे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘लढाऊ जाती’ हा सिद्धान्तच खोटा, तर जातीच्या नावाची पलटण मागणे म्हणजे त्याच खोट्या तराजूत आपले वजन करून घेणे नव्हे काय? होय, तसेच आहे. अर्ज करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या भाषेत आपली बाजू मांडली, आणि त्या भाषेची किंमतही मोजली. पण १९४१ मध्ये फौजेत शिरायला जातवार दारांखेरीज दुसरे फारसे दार नव्हते. दार चुकीच्या जागी आहे म्हणून बाहेर बसणाऱ्याला भिंत पाडायचीही संधी मिळत नाही.

आत शिरल्यावर काय झाले, हे पुढच्या पटावरून दिसते. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, फाळणीच्या दंगलीत तिने पंजाबात निर्वासितांचे रक्षण केले, आणि स्वातंत्र्यानंतर तिची भरती सर्व समाजांना खुली झाली. के. व्ही. कृष्ण राव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे, आणि दोघेही महार नव्हते. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत प्राण दिले ते आठव्या महार बटालियनसोबत, आणि रेजिमेंटला परमवीर चक्र मिळाले ते त्यांच्यामुळे. ग्रेनेडियर्सच्या बाबतीत माणसे गेली आणि मान राहिला. इथे नाव तेच ठेवून माणसे सगळीकडून आली. दरम्यान देशी सत्तांविरुद्धचे जुने रणसन्मान भारतीय सैन्याने बाजूला ठेवले होते. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून स्तंभही उतरला, त्याच्या जागी खंजीर आला. नाव कोणी बदलले नाही.