तळटीप : रेव्हरंड अ‍ॅब्सलम जोन्स
* अ‍ॅब्सलम जोन्स (१७४६–१८१८) : अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू. जन्म डेलावेअरमध्ये, गुलामगिरीत. फिलाडेल्फियात दिवसा धन्याच्या दुकानात राबायचे, रात्री स्वतःसाठी काम करायचे. असा पैसा जोडून त्यांनी आधी पत्नीला सोडवले, कारण आई गुलाम तर मुलेही गुलाम, असा कायदा होता. ते स्वतः १७८४ साली सुटले. १७९३च्या पीतज्वराच्या साथीत रिचर्ड अ‍ॅलन यांच्यासह त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते पुरण्याची व्यवस्था पाहिली. १७९४ साली सेंट टॉमस चर्च उघडले. पुढच्या वर्षी त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली. मात्र धर्मप्रांताच्या सभेत या चर्चला प्रतिनिधित्व नव्हते. हा अन्याय ध्यानात घेतल्याशिवाय जोन्स यांची थोरवी पुरती कळत नाही. एपिस्कोपल चर्च १३ फेब्रुवारीला त्यांचा स्मृतिदिन पाळते. — संपादक