नंबर कुठे लागेल? पसंतीक्रमाच्या यादीमागचा इतिहास

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : एवढ्या मार्कांवर नंबर कुठे लागेल? ज्यांच्या पणजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न कधीच नुसत्या मार्कांचा नव्हता. नंबर मार्कांवर लागतो तेवढाच नियमांवरही लागतो. ते नियम कोणी केले आणि कोणी लढून बदलून घेतले, हे माहीत नसेल तर आपली मुले हक्काची जागासुद्धा भीतीपोटी सोडून देतात.

या इतिहासाचे पहिले पान म्हणजे एक अर्ज आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. त्याची मागणी न्याय्य आहे हे मुंबई सरकारला मान्य होते. तरीही एका मुलासाठी शतकानुशतकांचा पूर्वग्रह मोडता येणार नाही, असे सांगून त्याला नाकारण्यात आले. १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले, पण कागदावर. त्या मुलाची प्रवेशाची शक्यता शून्य होती आणि त्याचा त्याच्या बुद्धीशी काडीचा संबंध नव्हता.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती नसती तर ती बुद्धिमत्ता मुंबईतच अडकली असती. एका राजाच्या मर्जीवर पिढी उभी राहत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मेहेरबानीच्या जागी हक्क आणण्याचे हे काम होते.

हक्क मिळाला की तो काढून घेण्याचे प्रयत्नही सुरू होतात. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासमधील प्रवेशाचे आरक्षण रद्द झाले. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांचे पेव फुटले आणि डोनेशनचा बाजार भरला. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित संस्थांवर आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले. त्यावर उत्तर म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती होऊन कलम १५(५) आले. दार बंद झाले, पुन्हा उघडले. ते आपोआप उघडले नाही.

पसंतीक्रमाशी थेट जोडलेला निकाल मात्र महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशांचा आहे : रितेश साह विरुद्ध डॉ. यमुल, १९९६. मागासवर्गीय विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेत बसत असेल तर त्याला राखीव कोट्यात मोजायचे नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वेळी अशा विद्यार्थ्याला चांगले कॉलेज निवडण्याची संधी नाकारता येणार नाही, हेही सांगितले. नाहीतर जास्त गुण मिळवणारा आपला मुलगा कमी गुणांच्या मुलापेक्षा वाईट कॉलेजात ढकलला गेला असता. 'तुमच्या कोट्याचा कटऑफ बघा, ओपनकडे बघू नका' असा सल्ला देणाऱ्याला हा निकाल दाखवा.

आता हे सगळे मुकुटबनला आणून पाहू. झरी जामणी तालुक्यातले हे गाव. आसपास कोळसा आणि चुनखडी, गावाशेजारी सिमेंटचा कारखाना. जमीन इथली गेली, धूळ इथल्यांच्या छातीत जाते. त्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून इथलीच मुलगी बसायची असेल तर तिने भरलेली यादी बरोबर हवी.

वणीत बारावी केलेल्या मुलीचे गृह विद्यापीठ अमरावती. तीच बारावी चंद्रपूर जिल्ह्यात केली तर गोंडवाना. विद्यापीठाशी संलग्न इंजिनीअरिंग कॉलेजांत राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या असतात. म्हणजे अमरावतीपेक्षा कितीतरी जवळ असलेल्या चंद्रपुरात ती 'बाहेरची' ठरू शकते. कटऑफच्या तक्त्यात जीएससीएच, जीएससीओ, एलएससीएच असे रकाने असतात. सुरुवातीचा 'एल' मुलींच्या जागांसाठी, शेवटचा 'एच' गृह विद्यापीठासाठी, 'ओ' बाहेरच्यांसाठी, 'एस' राज्यस्तरासाठी. आपला रकाना सोडून दुसराच वाचला तर सगळा अंदाज चुकतो.

यादीचे तीन भाग करा. वर अशी कॉलेजे, जिथे मागच्या वर्षीचा कटऑफ आपल्यापेक्षा थोडा जास्त होता. मध्ये आपल्या आसपासची. खाली खात्रीची. यवतमाळचे आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांपैकी कोणत्या भागात बसते, ते शाखेनुसार तपासा. शेवटच्या फेरीचा कटऑफही पाहा.

सर्वात मोठे नुकसान होते ते पहिल्या क्रमांकावर. भीतीपोटी 'मिळेल तेच' कॉलेज पहिले लिहिले आणि पहिल्याच फेरीत मिळाले, तर जागा पक्की होऊन पुढच्या फेऱ्या बंद होतात. वरचे पर्याय लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. यादी वरून खाली वाचली जाते.

दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नसेल तर राखीव जागेवरचा दावा जातो, म्हणून अर्ज अकरावीतच करा. आणि एजंटच्या नादाने व्यवस्थापन कोट्यात प्रवेश घेऊ नका. शिष्यवृत्ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी असते. कोट्यातल्या प्रवेशाची फी बापाला शेत विकून भरावी लागते.

धारवाडच्या मुलाला दारावर अडवले होते. आज दारावर कोणी उभे नाही, पण माहिती शहरातल्या क्लासवाल्यांकडे आहे आणि ती विकली जाते. ती फुकट वाटणे हे चळवळीचे काम आहे. पसंतीक्रम भरायच्या आधी एक संध्याकाळ प्रत्येक विहारात मागच्या वर्षीचे कटऑफ घेऊन बसा. शिकलेल्या प्रत्येकाने दोन मुलांची यादी तपासून द्यावी.

जयभीम!